कचरा चालेल, प्रश्नचिन्ह नको

पहिल्यांदा नाव लिहिते. रामदास तायडे, राहणार मेहरूण, जळगाव. धुळ्याच्या तार ऑफिसातून निवृत्त. सगळे त्यांना नाना म्हणायचे. माझा नवरा आज माझ्यासमोर बसून चहा पितो आहे, तो या माणसामुळे. त्यांच्या पत्नी अक्का आणि लग्नपत्रिका छापणारा फिरोज यांचीही नावं इथेच घेऊन ठेवते, कारण पुढे मी रागाने लिहिणार आहे आणि रागात आभार राहून जातात.

मी सहावीपर्यंत शिकलेली. गाव संगमेश्वरकडचं. आमचे हे जळगावच्या एका वाहतूक कंपनीत ट्रकवर होते म्हणून लग्नानंतर तिकडे गेले. पुढे एका एजंटाने त्यांना आखातात नेलं, अवजड गाडीवर ड्रायव्हर म्हणून. मी मेहरूणच्या एका खोलीत राहिले आणि डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायला लागले. जवळ आपलं म्हणावं असं कोणी नाही. पोस्टमन आला तरी छातीत धडधडायचं आणि नाही आला तरी धडधडायचं.

माझी खोली आणि नानांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत. नाना मला आधी ऐकू आले, दिसले नंतर. सकाळी रेडिओ सुरू झाला की त्यांचं सुरू व्हायचं. बातमी सांगणारा 'असे समजते' म्हणाला की हे इकडून, "कोणाला समजतं? नाव सांग त्याचं." 'सुमारे' हा शब्द तर त्यांना चालायचाच नाही. दूधवाला म्हणाला, सुमारे दोन लिटर आहे, तर त्याला दारात उभं करून ते माप आणायला आत जायचे. अक्का म्हणायच्या, "अहो, त्याची म्हैस पळून जाईल तोवर."

खूप राग आला की मात्र ते बोलणं बंद करायचे आणि बोटाने टेबलावर टकटक करायचे. कधी लांब, कधी तुटक. नव्या माणसाला वाटायचं म्हातारा ताल धरतो आहे. अक्कांना सवयीने कळायचं. त्या मला एकदा म्हणाल्या, "तारेच्या भाषेत शिव्या देऊन राह्यले. तीस वर्षं तारेवर होते ना, तोंडाने शिवी देता येत नाही त्यांना. पाहुण्यांसमोर पण देतात. पाहुणे माना डोलावतात."

धुळ्याची एक गोष्ट ते कधी सांगायचे नाहीत, अक्कांनी सांगितली. चोपड्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याच्या नावाने तार आली होती आणि मधला एक शब्द लाइनवरच्या खरखरीत गेला होता. माल भरा की थांबवा, तोच नेमका. तार ऑफिसची रीत अशी की शब्द लागला नाही तर मागच्या ऑफिसकडे तो पुन्हा मागायचा, तोवर तार बाहेर सोडायची नाही. त्या दिवशी काउंटरवर होता तो नानांचा मित्र. रोज एका डब्यात जेवणारा. बाहेर माणूस घाई करत होता, म्हणून मित्राने 'भरा' असं लिहून तार देऊन टाकली. केळी रेल्वेच्या डब्यात चढली आणि पुढे घेणारा कोणी नाही म्हणून सडली. चौकशीत सगळे म्हणाले, लाइन खराब होती, कोणाचा दोष नाही. नाना उभे राहिले आणि म्हणाले, लाइन खराब होती हे खरं, पण शब्द लाइनने घातलेला नाही, माणसाने घातला आहे. मित्राची बदली झाली. त्यानंतर ऑफिसात नानांजवळ कोणी डबा उघडला नाही, निवृत्त होईपर्यंत.

"मग त्यांना वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. दोन महिने टेबल वाजवत होते."

आता माझ्या पत्राचं सांगते.

जळगावात नुकतंच इंटरनेट आलं होतं. स्टेशन रोडला किशोरशेठचं कॉम्प्युटर सेंटर होतं. ज्यांची माणसं परदेशात, त्यांच्यासाठी तो आपल्या पत्त्यावर ई-मेल मागवायचा, कागदावर छापायचा, घडी घालून नाव लिहून ठेवायचा. पत्र पंधरा दिवसांनी यायचं ते आता त्याच दिवशी यायला लागलं. ह्यांच्या कॅम्पवर सोलापूरचा एक कारकून होता, तो ह्यांच्या सांगण्यावरून टाइप करून द्यायचा. पहिली दोन-तीन पत्रं आली ती इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. मला ती धड वाचता येईनात. एकेक अक्षर लावताना घाम फुटायचा आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायची. म्हणून मीच टपालाने कळवलं की इंग्रजी अक्षरं मला लागत नाहीत, मराठीत पाठवत जा. हे मी कळवलं, दुसऱ्या कोणी नाही. माझ्या रागातला मोठा वाटा माझ्यावरच आहे, तो इथे कबूल करते.

त्यानंतर जे पत्र आलं ते असं होतं: पानभर प्रश्नचिन्हं. ओळीमागून ओळी, नीट रांगेत, शाळेतली पोरं कवायतीला उभी केल्यासारखी. मध्ये कुठे कुठे कारकुनाने इंग्रजीतच टाइप केलेले शब्द शाबूत राहिलेले. पासपोर्ट. ऑफिस. तिकीट. आणि शेवटाकडे फ्रायडे.

मी किशोरशेठला विचारलं, "हे काय लिहिलंय?"

त्याने कागद वर धरला, डोळे बारीक केले आणि हसला. "वहिनी, पेढे आणा. पासपोर्ट मिळाला, ऑफिसने सुट्टी दिली, तिकीट निघालं. शुक्रवारी येतोय तुमचा माणूस."

"एवढं लिहिलंय?"

"अहो, बाकीचं मराठी आहे, ते मशीनला येत नाही. पण मतलब निघतो ना."

मी विश्वास ठेवला. का ठेवला ते आता विचारू नये कोणी. दीड वर्ष ज्या बातमीची वाट पाहिली ती कोणी हसून सांगितली तर माणूस कागद तपासत बसत नाही. मी मिलच्या मुकादमाला सांगून टाकलं की सोमवारपासून येणार नाही. गावी दिराला कळवलं. खोली धुतली. शुक्रवार गेला. मी म्हटलं विमान उशिरा आलं असेल, मुंबईहून गाडी मिळाली नसेल. शनिवारी सकाळी पेढ्याचा पुडा घेऊन शेजारी गेले, कारण पेढे आधीच आणले होते आणि ते खराब होतील अशी मला भीती वाटत होती.

नानांनी पेढा हातात घेतला नाही. "कशाबद्दल?"

मी सांगितलं.

"कागद दाखव."

मी कागद आणून दिला. नानांनी चष्मा लावला. वरून खाली पाहिलं, मग पुन्हा वरून खाली. मग बोट टेबलावर वाजायला लागलं. खूप वेळ वाजलं. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"माय," नाना म्हणाले, "ह्यात येतो असं कुठे लिहिलंय?"

"किशोरशेठ म्हणाले..."

"किशोरशेठ ह्यात नाही. मी कागदाचं विचारतो. ह्यात चार शब्द आहेत. पासपोर्ट काढून घेतला, असंही असेल. ऑफिसात डांबलंय, असंही असेल. तिकीट देत नाहीत, असंही असेल. मी असंच आहे म्हणत नाही. मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. त्याला तर मुळीच माहीत नाही." मग ते एकदम उठले. "चप्पल घाल."

किशोरशेठच्या सेंटरवर त्या दिवशी जे झालं ते मला शब्दाशब्दाने आठवतं.

नानांनी कागद त्याच्यापुढे ठेवला. "हे असंच आलं?"

"नाही हो नाना. आलं तेव्हा नुसता कचरा होता. मराठी आलं की प्रोग्राम विचारतो, ही चिन्हं ओळखीची नाहीत, बदलू का? मी एकदाच सांगून ठेवलंय, नेहमीसाठी बदल. मग जिथे कळत नाही तिथे तो प्रश्नचिन्ह घालतो. कागद स्वच्छ येतो. कचरा दिला तर गिऱ्हाईक भांडतं, हे काय छापलं म्हणून."

"आणि खालचं कुठे गेलं? जे आलं होतं ते?"

"ते आता कुठलं. बदललेलंच साठवतो तो. आणि जागा भरते म्हणून तिकडची प्रत पण पुसून टाकतो मी."

"म्हणजे फेकलं."

"फेकलं नाही, बदललं."

नानांनी बोटाने एक प्रश्नचिन्ह दाखवलं, मग शेजारचं. "ह्यातलं क कोणतं आणि म कोणतं, सांग मला."

"ते कसं सांगणार?"

"म्हणजे फेकलं." त्यांचा आवाज चढला आणि शहरी मराठी सुटून अहिराणी आली. "हाई काय शे? बठ्ठं खाई टाकं, एक अक्षर ठेवलं नाही, आणि वरून माणसालाच प्रश्न विचारतो हा. एका पानात शंभर प्रश्न. समजलं नाही तर समजलं नाही म्हणावं, आलं तसं पुढे ठेवावं. आमच्याकडे शिपायालाही एवढी अक्कल होती. आणि तू? तू कसाले अंदाज करस?"

किशोरशेठ खाली बघून म्हणाला, "वहिनींना बरं वाटावं म्हणून बोललो."

तेव्हा मला काय झालं ते सांगता येत नाही. मी कोणाशी मोठ्याने बोलणारी बाई नव्हे. पण मी त्याच्या टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, माझ्या नवऱ्याचं पत्र होतं ते, मला बरं वाटायचं की वाईट हे त्याने ठरवायचं होतं, तुम्ही कोण? बाहेर बाकावरची माणसं आत डोकावायला लागली. नाना मला गप्प बस म्हणाले नाहीत. उलट ते थोडे बाजूला सरकले, जागा करून दिल्यासारखे.

मग त्यांनी तारेची रीत लावली. गेलेला शब्द पुन्हा मागायचा. किशोरशेठला उठवून त्याच्या खुर्चीत बसले आणि इंग्रजी अक्षरांत, तारेसारखं तुटक टाइप केलं: पत्र वाचता आलं नाही, सगळं परत पाठवा, काय हवं ते कळवा. आणि प्रोग्रामला दिलेली ती 'नेहमीसाठी'ची परवानगी किशोरशेठला काढून घ्यायला लावली. म्हणाले, "कचरा येऊ दे. मला कचराच पाहिजे. कचरा चालेल, प्रश्नचिन्ह नको."

दोन दिवस ते स्वतः सेंटर उघडायच्या वेळी तिथे जाऊन बसायचे, बंद होईपर्यंत. किशोरशेठवर त्यांचा भरवसा नव्हता. अक्का दुपारी डबा द्यायच्या आणि किशोरशेठसाठी पण भाकरी जास्त ठेवायच्या. नाना त्याला भाकरी द्यायचे आणि खाताना शिव्या वाजवायचे.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. सोलापूरच्या कारकुनाने तेच पत्र तसंच पुन्हा पाठवलं होतं, माझं आधीचं म्हणणं धरून मराठीतच. त्याच्या मशीनवर ते सुंदर दिसत असणार. इकडे कागदावर आलं ते बरोबरचं चिन्ह, मग दोन आकडे किंवा अक्षरं, मग पुन्हा बरोबरचं चिन्ह. दोन पानं भरून.

"बघा," किशोरशेठ म्हणाला, "मी म्हटलं होतं कचरा."

"हा कचरा नाही," नाना म्हणाले, "हे पत्र आहे. आपल्याला येत नाही एवढंच."

त्यांनी तो कागद घरी आणला, ओट्यावर बसले आणि मला विचारलं, "तो पत्र सुरू कसं करतो? नक्की शब्द सांग. सुमारे नको."

ते मला पाठ होतं. आमच्या ह्यांचं प्रत्येक पत्र एकाच वाक्याने सुरू व्हायचं: 'सौ. शेवंतीस अनेक आशीर्वाद. मी इकडे खुशाल आहे, तू काळजी करू नये.' नानांनी ते कागदावर लिहिलं आणि त्याखाली त्या चिन्हांच्या जोड्या एकेक करून मांडत गेले. स जिथे जिथे यायला हवा तिथे तीच जोडी येते का. काना जिथे हवा तिथे तीच येते का. येत होती. मी बोट ठेवून बघत होते. त्या कचऱ्यात माझं नाव होतं.

पण एका वाक्यात सगळी अक्षरं येत नाहीत. उरलेल्यांसाठी ते फिरोजकडे गेले. लग्नपत्रिकांसाठी त्याने वेगवेगळ्या मराठी टाइपांचे तक्ते ठेवले होते, कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर. तीन टाइप जुळले नाहीत. चौथ्याचा तक्ता त्या वाक्याशी अक्षर न् अक्षर जुळला. फिरोज म्हणाला, "चाचा, आता मी भराभर लावून देतो." नाना म्हणाले, "भराभर नको. बरोबर दे."

दुपार उलटेपर्यंत पत्र उभं राहिलं. मी खुशाल आहे असं लिहून खाली त्यांनी लिहिलं होतं की गाडीला अपघात झाला, एक माणूस जखमी झाला, कंपनी म्हणते ह्याला अवजड गाडी चालवताच येत नव्हती. पासपोर्ट ऑफिसने काढून घेतला. सही केली तरच तिकीट देऊ म्हणतात, आणि सही केली तर सगळा दोष माझा. जळगावच्या जुन्या कंपनीचं पत्र आणि लायसन्सचा आरटीओचा दाखला फॅक्स कर, नंबर खाली दिला आहे. येत्या फ्रायडेनंतरच्या फ्रायडेपर्यंत. त्यानंतर मला सही करावी लागेल.

तो पहिला शुक्रवार मी खोली धुण्यात घालवला होता. हातात तीन दिवस होते.

पत्रात एक जागा अशी होती जिथली चिन्हं फिरोजच्या तक्त्यात नव्हती. शेवटची ओळ: 'तुझ्या हातच्या', मग ती चिन्हं, मग 'आठवण येते'. नानांनी तिथे रिकामे चौकोन काढले. फिरोज म्हणाला, भाकरीची असेल. मी म्हटलं, माशाच्या कालवणाची. अक्का म्हणाल्या, कशाची का असेना. नाना कोणाचं ऐकेनात. "तक्त्यात नाही म्हणजे मला माहीत नाही. आला की त्याला विचार." मला त्या क्षणी त्यांचा संताप आला. नवरा तिकडे अडकलाय आणि हा म्हातारा रिकामे चौकोन राखत बसलाय.

मी तसं बोललेही. म्हटलं, "एवढ्याशा शब्दाने काय बिघडतं नाना?"

ते चिडले नाहीत. पहिल्यांदाच चिडले नाहीत. म्हणाले, "माझा बाप निरक्षर होता. माझा थोरला भाऊ नाशिकला पलटणीत. त्याचं पत्र आलं की बाप ते गावात दुकानदाराकडे न्यायचा. बाप खाली अंगणात, तो वर ओट्यावर. पत्र शिवायला लागू नये म्हणून काठीने पुढे ढकलायचं. तो वाचायचा त्याला वाटेल तेवढं. मधलं गाळायचा, आपल्या मनचं घालायचा, वर हसायचा. भाऊ वर्षभर लिहीत होता की धाकट्याला शाळेत घाला, मी खर्च करतो. बापाला ते कधी ऐकूच आलं नाही. भाऊ सुट्टीवर आला तेव्हा कळलं." ते थांबले. "तो धाकटा मी. आता सांग, एवढ्याशा शब्दाने काय बिघडतं."

मी उठून पिशवी शोधली.

पुढच्या तीन दिवसांत नाना, मी आणि एक पिशवी. जुन्या कंपनीच्या मॅनेजरने आधी टाळलं. नाना त्याच्या टेबलाशी बसून टकटक करत राहिले, त्याला ते काय आहे कळेना, पण सहन होईना. त्याने पत्र दिलं. आरटीओत कारकुनाने 'बहुतेक परवा मिळेल' असं म्हटलं आणि मी मनात म्हटलं, आता मेला हा. 'बहुतेक' या शब्दाचं तिथे काय झालं ते मी लिहीत नाही. दाखला त्याच दिवशी मिळाला. फॅक्स शेवटच्या दिवशी सकाळी गेला आणि तिकडून पोचल्याचा कागद निघेपर्यंत नाना मशीनसमोरून हलले नाहीत.

ह्यांनी सही केली नाही. चौकशीत ब्रेक निकामी निघाले. दिवाळीच्या आधी हे जळगाव स्टेशनवर उतरले, अर्धे होऊन. मी त्या शब्दाबद्दल विचारलं, तुझ्या हातच्या कशाची? त्यांना आठवेना. म्हणाले, तेव्हा डोकं ठिकाणावर कुठे होतं. तो शब्द गेला तो गेलाच, आणि मला आता वाटतं की नानांनी तिथे कालवण लिहिलं नाही हे बरं केलं.

नंतर आम्ही कामासाठी सिल्वासाला आलो. पुन्हा परका मुलूख, पुन्हा माझं धडधडणं. अक्का गेल्याचं पत्र उशिरा मिळालं. नाना धुळ्याला लेकीकडे राहायला गेले होते. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं भेटायला गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकावर ऑपरेशन फसलेलं. अंगणात खुर्चीवर बसले होते आणि नात त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. पोरीला खेळायला जायची घाई. तिने मधली एक अख्खी बातमी उडवली आणि खालची सुरू केली.

"थांब," नाना म्हणाले. "आधीची संपली कुठे? पूर कुठे आला ते सांगितलंस, पुढे माणसांचं काय झालं?"

"काही नाही झालं नाना, वाचले सगळे."

"असं लिहिलंय?"

मग तिने पान उलटलं आणि म्हणाली, "मला आता नाही वाचायचं." पेपर त्यांच्या मांडीवर ठेवून ती पळाली. नानांनी तो पेपर चेहऱ्याजवळ नेला, नाकाला लागेल इतका, दोन्ही बाजूंनी फिरवला. मग घडी न घालता तसाच धरून बसले. आम्ही बसस्टँडकडे निघालो तेव्हाही फाटकातून ते तसेच दिसत होते, त्या पुराच्या माणसांचं काय झालं ते न कळलेले.

मी तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. गाडी चुकेल म्हणून फिरले नाही, त्याचा मला अजून राग आहे. माझं वाचन सहावीचं, हळू, बोट ठेवून. पण मी येईन नाना. इथल्या मिलमधून सुट्टी मिळो न मिळो, महिनाभर धुळ्याला राहीन आणि रोज अख्खा पेपर वाचून दाखवीन, पहिल्या ओळीपासून छापणाऱ्याच्या नावापर्यंत. जे मला लागणार नाही तिथे लागत नाही म्हणेन.